डायक्लोफेनॅकचे सूक्ष्म मणी : जून ते ऑक्टोबरच्या नोंदी

१६ जून

नवी वही. विषय पक्का झाला : केसाच्या जाडीएवढे जेलचे मणी चिपमध्ये (म्हणजे आत केसाएवढ्या बारीक वाटा असलेल्या रबरी ठोकळ्यात) बनवायचे, त्यात औषध भरायचं, आणि ते जठरात मिटून राहतील व आतड्यात गेल्यावर उघडतील असं बघायचं.

सरांनी आधी दोन पर्याय समोर ठेवले होते. पहिला पीनायपॅम, म्हणजे ३२ अंशांच्या आसपास तापमान ओलांडलं की पाणी टाकून आक्रसणारा पॉलिमर. बघायला फार देखणा. पण शरीर कायमच ३७ अंशांवर असतं, त्यामुळे गिळल्यावर जठर आणि आतडं त्याला वेगळं कळणारच नाही. तिथे फरक आहे तो आम्लतेचा. जठरात पीएच १ ते २, आतड्यात ६ च्या पुढे. म्हणून दुसरा पर्याय घेतला, सोडियम अल्जिनेट. तपकिरी समुद्री शेवाळातून निघतं. त्याच्या साखळीवरचे कार्बोक्झिल गट आम्लात हायड्रोजन धरून बसतात, साखळ्या जवळ येतात, जेल आवळतं. पीएच वाढला की तेच गट ऋणभारित होतात, एकमेकांना ढकलतात आणि जेल फुगतं.

औषध डायक्लोफेनॅक सोडियम, दुखणं आणि सूज कमी करणारं. ही निवड माझी. घरी आजी गुडघ्यांसाठी ते घेते आणि जेवणानंतर छातीशी हात धरून बसते. सरांनी लगेच सांगितलं, "आतड्यात उघडलं म्हणजे त्रास संपला असं समजू नकोस. ते रक्तात गेलं की जठराच्या अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिनं कमी करतंच." बरोबर आहे. हे वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवतेय, म्हणजे पुढे कुठे मोठा दावा करायचा मोह होणार नाही. आपण अस्तराशी होणारा थेट संपर्क टाळू शकतो, त्यापुढचं नाही.

२४ जून

चिप ओतल्या. साचा सिलिकॉनच्या चकतीवर एसयू-८ चा (प्रकाशाने घट्ट होणारं रेझिन), वाटेची उंची ५० मायक्रॉन, चिंचोळ्या तोंडाची रुंदी ४० मायक्रॉन. पीडीएमएस (पारदर्शक रबर) आणि त्याचा क्युअरिंग एजंट (ते घट्ट करणारा घटक) १० ला १, दहा मिनिटं घोटला, मग बुडबुडे जाईपर्यंत व्हॅक्यूममध्ये. डेसिकेटरमधली निळी सिलिका दुपारपर्यंत गुलाबी होते, इतकी हवा दमट आहे. रोज ओव्हनमध्ये टाकून निळी करून घ्यावी लागते. ते काम लॅब सांभाळणाऱ्या मामांनी आपणहून अंगावर घेतलंय, सकाळी लॅब उघडली की पहिलं तेच करतात.

७० अंशांवर ३ तास, मग कापणं, भोकं पाडणं, प्लाझ्मा (विद्युतभारित वायूने पृष्ठभाग चिकटण्याजोगा करणं) आणि काचेवर चिकटवणं. प्लाझ्मानंतर पीडीएमएसचा पृष्ठभाग पाण्याला जवळ करतो आणि आपल्याला नेमकं उलट हवं, भिंतीला तेल लागलं पाहिजे, पाणी नाही. म्हणून चिकटवल्यावर रात्रभर ८० अंशांवर ठेवल्या. ही पायरी गाळली तर थेंब तुटत नाही, पाणी भिंतीला धरून सापासारखं पुढे सरकत राहतं. गेल्या वर्षीच्या मुलांच्या वहीत याच एका गोष्टीवर तीन आठवडे गेलेले दिसतात.

१ जुलै

पहिला प्रयोग. मधल्या वाटेने अल्जिनेट, शेजारून कॅल्शियम क्लोराइड, दोन्ही बाजूंनी तेल. वाटलं होतं, दोन्ही द्रव एकत्र येतील, थेंब होईल, थेंबात जेल होईल. प्रत्यक्षात थेंब व्हायच्या आधीच जेल झालं. सूक्ष्मदर्शकात चिंचोळ्या तोंडाशी पारदर्शक दोरा लोंबताना दिसला, मग दोन, मग सगळं तुंबलं. सहा मिनिटांत चिप गेली. दुसरी चिप चार मिनिटांत.

कारण उघड आहे. कॅल्शियमचा आयन दोन साखळ्यांच्या खाचांत अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडं बसावं तसा बसतो, आणि बसायला वेळच लावत नाही. म्हणजे कॅल्शियम थेंबात हवं, पण थेंब तुटेपर्यंत त्याने अल्जिनेटला हात लावता कामा नये.

४ जुलै

कॅल्शियम कार्बोनेटची बारीक भुकटी घालून पाहिली. सिरिंजमध्ये तळाशी बसते. सोडून दिलं.

९ जुलै

आज जमलं! कॅल्शियमला ईडीटीएच्या, म्हणजे धातूचे आयन घट्ट धरून ठेवणाऱ्या रेणूच्या, मिठीत देऊन टाकायचं. कॅल्शियम क्लोराइड आणि डायसोडियम ईडीटीए दोन्ही १०० मिलिमोलर, सारख्या प्रमाणात. मिसळताक्षणी पीएच धाडकन खाली येतो, कारण ईडीटीए कॅल्शियम धरताना हायड्रोजन सोडतं. म्हणून सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकत ७.२ वर आणला. हे २ टक्के अल्जिनेटमध्ये समभाग मिसळलं तरी द्रव द्रवच राहतो, रात्रभर ठेवला तरी.

तेल म्हणजे हलकं मिनरल ऑइल, त्यात २ टक्के स्पॅन ८० (थेंब एकमेकांत मिसळू न देणारा साबणासारखा पदार्थ) आणि किंचित अ‍ॅसिटिक आम्ल. थेंब तुटतो, तेलातलं आम्ल थेंबात शिरतं, ईडीटीएची पकड सैल होते, कॅल्शियम सुटतं, आणि जेल थेंबात सगळीकडे एकदमच धरतं. बाहेरून कॅल्शियम दिलं की साल आधी घट्ट होते आणि गाभा सैल राहतो, तसं इथे होत नाही.

आतला प्रवाह मिनिटाला २ मायक्रोलिटर, तेल १२. थेंब ७० मायक्रॉनचे. एका थेंबात ०.१८ नॅनोलिटर द्रव मावतो, म्हणजे मिनिटाला साधारण ११ हजार थेंब. नुसत्या डोळ्यांना चिप स्तब्ध दिसते आणि नळीच्या टोकाशी दुधट धागा जमत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एकामागोमाग एक, एकाच मापाचे. मी अर्धा तास नुसती बघत बसले.

१० जुलै

दुपारी लाइट गेली. पंप थांबले, नळ्यांतला दाब मात्र हळूहळू ओसरत राहिला, आणि आम्लाचं तेल चिंचोळ्या तोंडाशी अल्जिनेटला लागून थांबलं. वीस मिनिटांनी लाइट आली तेव्हा तोंडाशी जेलचं बूच. पंपाने ढकललं तर काच आणि पीडीएमएसचा सांधा उसवला.

पंप यूपीएसवर घ्यायचे हा एक धडा. पण खरा बदल वेगळा केला, चिपमधल्या तेलातून आम्ल काढूनच टाकलं. थेंब साध्या तेलात बनतील आणि आम्ल असेल ते गोळा करायच्या बाटलीतल्या तेलात. स्पॅन असल्यामुळे बाटलीपर्यंत थेंब एकमेकांत मिसळत नाहीत. आता लाइट दिवसातून चारदा गेली तरी चिप वाचेल. आजचा अपघात झाला नसता तर हे सुचलं नसतं.

२२ जुलै

औषधाआधी रंगावर सराव. मेथिलीन ब्लू भरला. मणी गडद निळे, धुतल्यावरही निळे, तासाभराने पाणी जेमतेम निळसर. आनंदात सरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर एका ओळीचं : "हा रंग धनभारित आहे, अल्जिनेट ऋणभारित. आता टार्ट्राझीन घे."

टार्ट्राझीन खाण्याचा पिवळा रंग, ऋणभारित. मणी तेलातून पाण्यात घेतले आणि बाटली हलवून टेबलावर ठेवेपर्यंत पाणी पिवळं, मणी पारदर्शक. मिनिटसुद्धा लागलं नाही.

२४ जुलै

कालचा दिवस कागदावर गेला. जायला हवा होता तो जूनमध्येच. जेलमधून लहान रेणू बाहेर पडायला लागणारा वेळ अंदाजे त्रिज्येचा वर्ग भागिले विसरणांक, म्हणजे रेणू जेलमधून किती झपाट्याने पसरतो त्याचा आकडा. लहान रेणूसाठी विसरणांक सेकंदाला ५ गुणिले १० चा उणे १० वा घात चौरस मीटर धरला, तर ३५ मायक्रॉन त्रिज्येच्या मण्याला लागतात अडीच सेकंद. हाच मणी १ मिलिमीटर त्रिज्येचा असता तर २ हजार सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त.

म्हणून सिरिंजमधून टपटप पाडलेल्या मोठ्या मण्यांत औषध टिकलेलं दिसतं आणि आमच्यात नाही. आमच्या मण्याला पीएच बदललेला चटकन कळतो तो लहानपणामुळेच, आणि औषध चटकन निसटतं तेही त्याच लहानपणामुळे. जाळीची भोकं काही नॅनोमीटरची, डायक्लोफेनॅकचा रेणू जेमतेम एक नॅनोमीटरचा. चाळणीत पाणी साठवायला निघाल्यासारखं झालं. दीड महिना मी 'जेल औषध अडवेल' हे गृहीत धरून चालले होते. लहान रेणूला जेल अडवत नाही. अडवणारं दुसरं काही तरी हवं.

५ ऑगस्ट

इंटर्नशिपला बीएस्सीची एक मुलगी आली आहे. हात स्थिर आहे, बारीक नळ्या पहिल्या दिवसापासून नीट जोडते. तिला मण्यांवरचं तेल धुण्याचं काम दिलं. त्यासाठी हेक्झेनऐवजी हेप्टेन हा द्रावक वापरायचं ठरलं. औषधात हेक्झेनचा उरलेला अंश दशलक्षात २९० भागांपुढे चालत नाही, हेप्टेन त्या मानाने बरंच निरुपद्रवी समजतात. आत्ता कोणी हे गिळणार नाही हे खरं, पण सवय आत्तापासूनच बरी.

८ ऑगस्ट

मण्यांची अख्खी बॅच नाहीशी झाली. तिने काल संध्याकाळी धुतलेले मणी फ्रिजमध्ये ठेवले होते, सकाळी बाटलीत नुसतं स्वच्छ पाणी. बिचारी घाबरून गेली. "ताई, मी सांडले नाहीत, खरंच."

सांडले नव्हतेच. साठवायला फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घेतला होता आणि तो घ्यायला मीच सांगितलं होतं. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं, बफरमधलं सोडियम त्याच्या जागी बसतं, अंड्यांचा ट्रे रिकामा होतो आणि जेल विरघळतं. चूक पूर्णपणे माझी, तिला तसं स्पष्ट सांगितलं. यापुढे साठवण कॅल्शियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात.

यातून एक गोष्ट मात्र हाती लागली. आतड्याची नक्कल म्हणून जो ६.८ पीएचचा बफर आपण वापरणार आहोत, तोही फॉस्फेटचाच. म्हणजे तिथे मणी फुगून औषध सोडतील असं नाही, मणीच उरणार नाहीत. अहवालात 'फुगून सोडतात' असं लिहायचं नाही.

२१ ऑगस्ट

डायक्लोफेनॅक भरायला घेतलं. मिलिलिटरला १० मिलिग्रॅम टाकलं तर द्रावणात पांढरं चढलं. ईडीटीएच्या द्रावणात सोडियम एवढं आहे की डायक्लोफेनॅक सोडियमला विरघळायला जागाच उरत नाही. ४ मिलिग्रॅमला स्वच्छ राहतं. तिथेच थांबले.

मणी बनले, हेप्टेनने धुतले, साध्या पाण्यात घेतले, अतिनील मापकावर २७६ नॅनोमीटरला मोजलं. मण्यांत जवळपास काहीच नाही, सगळं धुण्याच्या पाण्यात. टार्ट्राझीनचीच गत. अपेक्षित होतं, तरी वाईट वाटलंच.

९ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपवून आले. विसर्जनाच्या गर्दीत दोन तास अडकले होते, तेव्हा एक साधी गोष्ट लक्षात आली आणि घरी पोचेपर्यंत धीर निघेना.

डायक्लोफेनॅक हे स्वतः आम्ल आहे, पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू हायड्रोजन सोडून बसतात तो आकडा) ४ च्या आसपास. त्याचं सोडियमचं मीठ पाण्यात विरघळतं, पण आम्लात त्याचं मूळ रूप परत येतं आणि ते पाण्यात जवळपास विरघळतच नाही. मणी जेल होतात ते आम्लानेच! म्हणजे तेलातल्या अ‍ॅसिटिक आम्लाने थेंबात जेल धरत असतानाच औषधाचा साका तिथल्या तिथे व्हायला हवा. तो होतही असणार. मीच नंतर साध्या पाण्याने धुऊन पीएच वर नेत होते आणि औषध पुन्हा विरघळवून ओतून देत होते.

आज धुण्याचं पाणी बदललं : कॅल्शियम क्लोराइड घातलेलं, अ‍ॅसिटिक आम्लाने पीएच ३ वर आणलेलं.

सूक्ष्मदर्शकात पाहिलं. प्रत्येक मण्याच्या पोटात धूसर पांढरा ठिपका, कडेने काच. अर्धवट भिजलेल्या साबुदाण्यात मधे पांढरा डोळा राहतो, अगदी तसा. मोठं करून पाहिलं तर त्या ठिपक्यातून बारीक सुया निघालेल्या. एका मण्याची सुई सालीतून बाहेर डोकावत होती. मी मामांनाही बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढ्याशा मण्यात एवढं सगळं?"

१२ सप्टेंबर

हिशेब : जेवढं औषध घातलं त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त मण्यांत. तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या चिपवर. सुया बाहेर डोकावतात ते टाळायला आम्ल हळूहळू वाढवून बघायचं आहे. आणखी एक पथ्य, आम्लात फार वेळ ठेवायचं नाही. डायक्लोफेनॅकचा रेणू आम्लात स्वतःवरच वळून बंद कडं तयार करतो आणि मग ते औषध राहत नाही. धुणं २० मिनिटांत उरकायचं.

२३ सप्टेंबर

मुख्य चाचणी. ३७ अंश, जठराची नक्कल म्हणून दोन तास ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात, मग ६.८ चा फॉस्फेट बफर. आम्लाच्या दोन तासांत बाहेर आलेलं औषध ५ टक्क्यांच्या आत. आतड्यात उघडणाऱ्या गोळ्यांना १० टक्क्यांपर्यंत मुभा असते, त्यात आपण बसतो. बफर घातल्यावर मणी पाच मिनिटांत दिसेनासे झाले, आणि पंधराव्या मिनिटाच्या नमुन्यात जवळपास सगळं औषध.

आम्लात असताना मणी ७० मायक्रॉनवरून साठच्या खाली आक्रसलेले मोजले.

इंटर्न शेजारी बसून नमुने काढत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "ताई, औषध आम्लात विरघळतच नाही, म्हणून ते बाहेर आलं नाही. मग जेलचं काम काय?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. हा प्रश्न मला पडायला हवा होता. तुलनेसाठी जेलशिवायची चाचणी आम्ही केलीच नव्हती.

२६ सप्टेंबर

ती चाचणी केली. तेवढंच डायक्लोफेनॅक सोडियम, जेल नाही, थेट आम्लात. टाकताक्षणी पांढरं झालं, मग त्याचे गठ्ठे होऊन काचेच्या भिंतीला चिकटले. दोन तासांनी आम्लात विरघळलेलं औषध मण्यांइतकंच नगण्य. कुलूप औषधाचंच आहे, इथे ती शंभर टक्के बरोबर निघाली.

फरक पडला तो पुढे. बफर घातल्यावर गठ्ठे बाहेरून हळूहळू झिजत गेले, तासाभरानंतरही भिंतीवर पांढरा पट्टा बोटाला लागत होता. मण्यांतला साका मुळात इतका बारीक वाटला गेलेला असतो की जेल विरलं की तो लगेच विरघळतो. म्हणजे जेल औषध अडवत नाही, ते औषधाला गठ्ठा होऊ देत नाही. प्रत्येक कणाला स्वतःची खोली देतं, आणि जठरात असताना त्या सुया अस्तराला थेट लागत नाहीत. आजीच्या छातीवरच्या हाताशी आपला काही संबंध असेल तर तो या शेवटच्या वाक्यापुरता.

सरांना दोन्ही आलेख दाखवले. ते म्हणाले, "प्रबंधात दोन्ही एकाच पानावर छाप. आणि प्रश्न तिचा होता हे ऋणनिर्देशात लिही."

३ ऑक्टोबर

उत्पादनाचा हिशेब, जो टाळत होते. मिनिटाला २ मायक्रोलिटर म्हणजे तासाला १२० मायक्रोलिटर, त्यात औषध ०.४८ मिलिग्रॅम. आजीची एक गोळी ५० मिलिग्रॅमची. एका चिपला तेवढं बनवायला १०४ तास लागतात, वाया जाणारं न धरताही. दिवसरात्र पंप चालला तर चार दिवस आणि वर काही तास, एका गोळीसाठी.

उपाय एकच, एका चिपवर शेजारी शेजारी अनेक तोंडं. पण तोंडं वाढली की सगळ्यांना प्रवाह सारखा मिळायला हवा. त्यासाठी वाटणाऱ्या नळ्या रुंद आणि तोंडाकडे जाणाऱ्या वाटा अरुंद ठेवाव्या लागतात, म्हणजे एक तोंड तुंबलं तरी बाकीच्यांचे थेंब मापात राहतात. आठ तोंडांचा आराखडा काढला. साचा बनवायला दिला की दिवाळीच्या आत मिळेल.

१० ऑक्टोबर

आठ तोंडांचा साचा आला. पहिल्या चिपमध्ये आठपैकी सहा तोंडं चालली, सहाव्या आणि सातव्याच्या मधली भिंत नीट चिकटली नव्हती. मण्यांचं माप सहाही तोंडांवर ६८ ते ७३ मायक्रॉन. उद्या प्लाझ्माचा वेळ ४० सेकंदांवरून ६० वर नेऊन दोन चिप. ४ मिलिग्रॅमचं द्रावण ताजं करायचं, बाटलीतल्या तेलातलं आम्ल दोन टप्प्यांत वाढवायचं. इंटर्न ९ ला येईल, यूपीएस रात्रीच चार्जिंगला लावला आहे.